दोन भोकांची वाळू

तुम्ही खोटं बोलता, साहेब. बाई आपल्या पायांनी खोल पाण्यात गेली आणि बुडाली, असं तुम्ही जगाला सांगता. ती पाण्यात गेलीच नव्हती. पाणी तिच्याकडे चालत आलं, आणि तोवर तुम्ही तिला जमिनीत रोवून ठेवली होती.

त्या सकाळी नणंद-भावजय ओहोटीला शिंपले काढायला उतरल्या. नणंद पुढे, भावजय मागे. वाळूत शेजारी-शेजारी दोन बारीक भोकं दिसली की खाली शिंपला असतो. स्वतःला वीतभर पुरून घेतो आणि दोन नळ्या वर काढतो. एकीने पाणी आत, दुसरीने बाहेर. त्यातच त्याचा श्वास, त्यातच घास. दोघी भोकांवर रुंद प्लास्टिकचा पाइप खुपसायच्या, वरचं टोक तळव्याने दाबून धरायच्या आणि ओढायच्या. वाळूसकट शिंपला हातात.

नणंदेच्या पाइपातून एक गोगलगाय निघाली, शिंपल्याला कवटाळलेली. ही बया वाळूखालून सरकत येते, शिंपल्याला मिठी मारते आणि सावकाश कवचाला भोक पाडून त्याला आतल्या आत खाते.

"वहिनी, बघ गं, आमचा दादा! धरलं की सोडायचं नाव नाही."

"दादा कसला? सासूबाई आहेत त्या. कधी भोक पाडलं, कळतसुद्धा नाही."

"थांब, घरी सांगते."

"सांग की. मी म्हणेन, लेकीनेच ओळखलं."

दोघींचा चालण्याचा एकच नियम होता. भोकं असतील तिथे पाय टाकायचा. रबडीत, म्हणजे पातळ चिखलात, हा शिंपला घर करत नाही, म्हणजे भोकांखालची वाळू पक्की. भोकांनी आजवर कुणाला दगा दिला नव्हता.

पण तुम्ही बंदराच्या नव्या धक्क्यासाठी तिथली वाळू उपसून नेलीत. खड्ड्यात बंदराचा गाळ ओतलात आणि वर वाळूचा पापुद्रा पसरलात. वरून सगळं कसं छान! खाली गाळ कुजत होता. त्यातली हवा वर येऊन वाळूला भोकं पाडत होती, बारीक, शेजारी-शेजारी. इशाऱ्याला ना काठी रोवलीत, ना दोरी बांधलीत.

"अगं बाई, इथे तर खाणच लागली!" म्हणत नणंद धावली आणि कमरेपर्यंत आत गेली.

आधी दोघी हसल्या. मग नणंद म्हणाली, "वहिनी, पाय हलत नाहीत गं."

भावजय पालथी पडून हातांनी उकरू लागली. उपसावं तेवढं परत भरायचं. ती उठली आणि बांधावर तुमचं खोदायचं मशीन उभं होतं तिकडे धावत सुटली.

"दादा, मशीन आणा! माणूस रुतलंय!"

"चावी मुकादमाकडे," ड्रायव्हर म्हणाला.

मुकादमाने फोन कानाला लावला. "साहेबांना विचारल्याशिवाय मशीन खाली नेता येत नाही, बाई. मीटिंगमध्ये आहेत. जरा थांबा."

"भरती थांबणार आहे का, मेल्या?"

तिने एक फळी उचलली आणि खेचत खाली नेली. फळीवर आडवी होऊन नणंदेच्या काखेत हात घातले, ओढलं. नणंद किंचाळली, पण बोटभरही वर आली नाही. पाणी छातीला लागलं. मग गळ्याला.

"आईला सांगू नकोस हं, मी रडले म्हणून."

पाणी ओठांवर आलं तेव्हा भावजयीने पाइप तिच्या तोंडाला लावला. रुंद पाइप, ओठांत मावेना. तिने कडेने दोन्ही तळवे गच्च दाबले, तरी पाणी शिरत होतं. नणंदेने दोनदा श्वास ओढला, तिसऱ्यांदा पाणी ओढलं. तिची बोटं भावजयीच्या मनगटात रुतली होती. बोटं सुटली तरी भावजय पाइप धरूनच होती. पाण्याने फळी उचलली तेव्हा भावजय फळीसकट वाहवत काठाला लागली.

पुढच्या ओहोटीला तुमचं मशीन खाली आलं. प्रेत काढायला चावीही सापडली आणि हुकूमही.

तुमच्या कचेरीच्या दारात ती भावजय आता उभी आहे. मनगटावर नखांच्या खुणा आहेत. शिपाई म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. ती हलत नाही. तिचा प्रश्न एवढाच आहे: त्या सकाळी फोन वाजला, तेव्हा तो तुम्ही उचललात की नाही? उचलला असेल, तर काय म्हणालात? बाहेर या आणि तिच्या तोंडावर सांगा.