मोम्बासातले दोन दिवस

हत्ती बघायची इच्छा द्रौपदीबाईंची होती आणि केनियाच्या सहलीचं बुकिंग केलं होतं त्यांच्या सुनेनं, तिघांचं. तिघं न्यूझीलंडमध्ये अप्पर हटला राहत. सून धम्मदीना तिथून जवळच्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती, मुलगा मैत्रेय वेलिंग्टनला सॉफ्टवेअरमध्ये. नवरा वारल्यावर द्रौपदीबाई नागपूर सोडून त्यांच्याकडे आल्या, त्याला आठ वर्षं झाली होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मैत्रेयनं बायकोला सांगितलं की त्याला हे लग्न पुढे न्यायचं नाही. ऑफिसमधली कुणी तरी होती. शेजारच्या खोलीत द्रौपदीबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घराच्या भिंती पातळ, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. त्या घड्या घालतच राहिल्या. संध्याकाळी तिघं एकत्र जेवले. पुढचे सहा महिने धम्मदीना पाहुण्यांच्या खोलीत झोपत होती, आणि का, ते सासूनं एकदाही विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये मैत्रेयनं कामाचं कारण सांगून सहलीतून अंग काढून घेतलं. आता सगळंच रद्द होणार असं द्रौपदीबाईंनी धरून चाललं होतं. पण धम्मदीना त्यांच्या खोलीत आली आणि म्हणाली, आपण दोघी जाऊ.

केनियात त्सावोच्या जंगलात चार दिवस बरे गेले. लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती पाहून द्रौपदीबाई लहान मुलीसारख्या हरखल्या. जीपमध्ये क्राइस्टचर्चचं एक वयस्कर जोडपं होतं, ड्रायव्हर बोलका होता, त्यामुळे दोघींना एकमेकींशी बोलायची वेळच आली नाही. मग रेल्वेनं त्या मोम्बासाला उतरल्या. परतीच्या विमानाला दोन दिवस होते आणि आता मध्ये तिसरं कुणी नव्हतं.

पहिला दिवस बघण्यात गेला. समुद्रावरचा पोर्तुगीजांचा किल्ला पाहून धम्मदीना म्हणाली की हा अगदी आमच्या वसईसारखा. तिचं माहेर तिकडचं. जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांमधले नक्षीचे दरवाजे बघत त्या हिंडल्या. इथे दुकानाला ‘दुका’ म्हणतात आणि गाडीला ‘गारी’, हे टुकटुक रिक्षावाल्यानं सांगितल्यावर द्रौपदीबाई दिसेल त्या वस्तूचं नाव त्याला विचारू लागल्या. धम्मदीना हसली. तिला इतकं मोकळं हसताना त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं, आणि रात्रभर तेच त्यांच्या मनात राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खाडीकाठच्या एका साध्या खानावळीत जेवायला बसल्या. मालकीणबाईंनी निखाऱ्यावर भाजलेला अख्खा मासा आणला, वर चिंच घातलेला नारळाचा दाट रस, सोबत चपात्या. धम्मदीनानं सवयीनं काटे काढून सासूच्या ताटात मासा वाढला. मग हात पुसून सांगितलं की वेलिंग्टनपलीकडे पोरिरुआच्या एका क्लिनिकमध्ये तिला काम मिळालंय, फ्लॅटही बघून झालाय. ऑक्टोबरमध्ये ती घर सोडणार होती.

द्रौपदीबाईंनी मान हलवली.

“मला तुझ्याकडे घेऊन चल,” त्या म्हणाल्या. “एका खोलीत राहीन मी.”

धम्मदीनानं ताट बाजूला सरकवलं. तिचा आवाज शांत होता.

“नको, आई.”

द्रौपदीबाईंचा घास हातातच राहिला.

“त्या दिवशी तुम्ही शेजारच्या खोलीत होतात,” धम्मदीना म्हणाली. “तुम्हाला ऐकू गेलं, मला माहीत होतं. मी सहा महिने वाट पाहिली. तुम्ही त्याला बोलावं असंही नव्हतं. नुसतं माझ्याजवळ येऊन बसला असतात तरी चाललं असतं.”

आपल्याला कळलंच नव्हतं, असं म्हणायचं द्रौपदीबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर बसलेल्या मुलीशी खोटं बोलवेना.

“भीती वाटली गं,” त्या म्हणाल्या. “तोही तोंड फिरवून बसला तर या वयात मी जाऊ कुठे? मी माझंच बघितलं. चुकलं माझं.”

त्यांचे डोळे भरून आले. धम्मदीनानं त्यांना रडू दिलं, समजूत घातली नाही, पण पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मग तीही थोडी रडली. मालकीणबाईंनी लांबून पाहिलं आणि न सांगता दोन कप चहा आणून ठेवला.

चहा पिता पिता धम्मदीनानं समजावलं, की तिला काही दिवस कुणाची सून म्हणून राहायचं नाहीये. एकटीनं राहून बघायचंय. त्यांच्यावर राग होता, थोडा अजूनही आहे, पण त्या नकोशा झाल्यात असं नाही. द्रौपदीबाईंनी विचारलं, भेटायला आलं तर चालेल का? ती म्हणाली, शनिवारी या. फक्त आधी फोन करा.

संध्याकाळी दोघी समुद्रावर गेल्या. धम्मदीना पाण्यात शिरली, द्रौपदीबाई साडी घोट्यांच्या वर उचलून काठावर उभ्या राहिल्या. फारसं काही बोलणं झालं नाही. पण आधीचे सहा महिने घरात जी शांतता होती, ती ही नव्हती.

घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मैत्रेय डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन बसला होता. द्रौपदीबाईंनी त्याला लॅपटॉप मिटायला सांगितला. फेब्रुवारीत आपण सगळं ऐकलं होतं, आणि तो वागला ते वाईट वागला, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. मैत्रेय उठून बाहेर गेला. पुढचे पंधरा दिवस तो कामापुरतंच बोलला. पण त्यांना घरातून जायला कुणी सांगितलं नाही, आणि इतके महिने आपण नेमके कशाला घाबरत होतो, असं त्यांना वाटून गेलं.

ऑक्टोबरमध्ये धम्मदीना पोरिरुआला गेली. इथल्या कायद्यानं घटस्फोटाआधी दोन वर्षं वेगळं राहावं लागतं, त्यामुळे कागदावर ती अजून त्यांची सून आहे. एका शनिवारी फोन करून द्रौपदीबाई पहिल्यांदाच एकट्या निघाल्या. वेलिंग्टनला उतरून गाडी बदलायची होती. प्लॅटफॉर्म सापडेना, तेव्हा त्यांनी एका गार्डला मोडक्या इंग्रजीत विचारलं आणि बरोबर गाडीत बसल्या. पोरिरुआला उतरल्या तर धम्मदीना स्टेशनबाहेर उभी होती. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघी चालू लागल्या.