टाकीच्या अलीकडे मी, पलीकडे लॅपटॉप

मी बोलतोय तो फळीवरून. मुकुंदवाडीत, रेल्वे स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत मोतीराम साळवे यांचं घर आहे. त्या घराच्या पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत, आणि त्यांच्याखाली एक लाकडी फळी. तिच्यावर बसलेला पांढरा, दोन शिंगांचा राउटर म्हणजे मी. बाहेरून तारेतून आलेलं इंटरनेट घरभर हवेतून वाटणं हे माझं काम. लोक मला वायफाय म्हणतात. नेट बंद पडलं की डबडं म्हणतात. नेट चालू असताना माझं नाव कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या खोक्यावर छापलं होतं, पण खोकं मालनबाईंनी बटाटे ठेवायला घेतलं, त्यामुळे ती माहिती गेली. जन्मताच माझ्या पोटावर एक चिठ्ठी चिकटवली होती. तिच्यावर माझं नाव आणि पासवर्ड. तेवढ्या शिदोरीवर मी या घरात आलो.

मला घेऊन आला तो अभय. इंटरनेटच्या कंपनीचा मेकॅनिक, चांगला पस्तिशीचा माणूस. खांद्यावर शिडी, कमरेला ड्रिल, आणि कानाला कायम फोन. तो म्हणाला, "काका, लॅपटॉप मागच्या खोलीत है ना? मग ये भी तिकडंच लावू. जवळ राहील."

मोतीराम एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. हात अजून पान्याचे, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "नाय. इथं. फोटोखाली."

"पण काका, रेंज..."

"आमच्या घरात शिक्षणाचं सामान त्याच फळीवर ऱ्हातं. पोरीची पाटी तिथं होती, मार्कलिस्टा तिथं हायेत. हे बी तिथंच ऱ्हाणार."

खरं सांगतो, मी त्या क्षणी फुगलो. दुकानातून आलेल्या डबड्याला एवढा मान कोण देतं? पुढे जे झालं त्यात थोडी चूक त्या मानाची होती आणि थोडी माझ्या फुगण्याची. पण तारेला खिळे मारून झाले होते. तार नेमकी फळीपर्यंतच पुरत होती.

लॅपटॉपशी माझी ओळख करून दिली निशाने. निशा ही मोतीराम आणि मालनबाईंची एकुलती एक मुलगी, गणितात एमएस्सी. लॅपटॉप जुना, दुसऱ्याच्या हातचा, पण स्वभावाने गरीब. पहिला अर्धा तास त्याला मी दिसेचना. गल्लीतले बारा राउटरही दिसेनात. कुठलाच दिसत नाही म्हटल्यावर निशाच्या लक्षात आलं, की लॅपटॉप पुसता पुसता मोतीरामांच्या हातून विमानाच्या चित्राचं बटण दाबलं गेलं होतं. ते बंद केलं तेव्हा मी दिसलो. मग तिने माझ्या पोटावरचा पासवर्ड टाकला. तीनदा चुकला. चौथ्यांदा तिने मोठं अक्षर मोठं लिहिलं आणि आम्ही जोडले गेलो. मालनबाईंनी दोघांपुढे साखर ठेवली. मुंग्या मात्र माझ्याकडेच आल्या.

आता घराची रचना सांगतो, कारण सगळं तिच्यावर अडलंय. पुढच्या खोलीत मी. मागच्या खोलीत निशाचं टेबल. मधे बोळ, आणि बोळात पाण्याची काळी टाकी, हजार लिटरची, माणसाच्या छातीइतकी उंच. या शहरात नळाला पाणी आठवड्याने येतं, कधी नवव्या-दहाव्या दिवशी. त्यामुळे प्रत्येक घरात टाकी ही कुटुंबातली एक व्यक्तीच असते. आमची टाकी आत आली तेव्हा दाराला चौकट नव्हती. चौकट मोतीरामांनी नंतर स्वतः बसवली. चौकट पक्की झाली आणि टाकी कायमची आत राहिली. यावर घरात कुणी हसलेलं मोतीरामांना चालत नाही.

निशाला काम मिळालं होतं ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मुलांना लॅपटॉपवरून गणित शिकवायचं. तिकडची मुलं शाळेतून घरी येतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे अकरा वाजलेले असतात. तिने मागच्या खोलीची भिंत काळ्या रंगाने रंगवून फळा केला होता. पुण्याच्या मंजुषा मॅडम, म्हणजे तिच्या वरिष्ठ, त्या फळ्यावरच खूश होत्या. तीन महिने चाचणीचे, मग पक्की नोकरी. चार वर्षं खासगी शाळांच्या पायऱ्या झिजवून तिला पहिल्यांदा कुणीतरी मनासारखं शिकवायला सांगत होतं. फळा भिंतीवरचा, त्यामुळे तिला दुसरीकडे बसता येत नव्हतं, आणि मोबाइलची रेंज त्या खोलीत पाऊलही टाकत नव्हती. तिची सगळी भिस्त माझ्यावर होती.

पहिला आठवडा झकास गेला. मला वाटलं, आपण जन्मजात हुशार आहोत. नवव्या दिवशी नळाला पाणी आलं, टाकी गळ्यापर्यंत भरली, आणि दहाव्या दिवशी माझा आवाज लॅपटॉपपर्यंत पोचेना.

मला दोन आवाज आहेत. एक जाडा, लांब जाणारा, पण हळू. दुसरा बारीक, भरभर बोलणारा, पण नाजूक. भिंतीतून दोन्ही कसेबसे जातात. रिकाम्या प्लॅस्टिकमधून तर सहज जातात. पण हजार लिटर पाणी माझे दोन्ही आवाज गिळून टाकतं. मी इकडून बोंबलतोय आणि लॅपटॉप तिकडे कानावर हात ठेवून बसलाय. तिथे पडद्यावर निशा तोंड उघडं ठेवून गोठायची, आणि ऑस्ट्रेलियातली मुलं खिदळायची.

त्या पोरीने काय काय नाही केलं! मला बंद केलं, तीस आकडे मोजले, चालू केलं. लॅपटॉपला मला विसरायला लावलं आणि पुन्हा ओळख करून दिली. पासवर्ड बदलला, न जाणो गल्लीतलं कुणी फुकट वापरत असेल. शेवटी माझ्या पाठीतल्या बारीक भोकात टाचणी खुपसून माझी स्मृतीच पुसली. मी सगळं सहन केलं. मला माहीत होतं दुखणं कुठे आहे, पण माझ्याकडे बोलायला चारच दिवे, आणि ते चारही हिरवे.

तक्रार केली की अभय यायचा, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर घरातल्या वापराने टाकी अर्ध्यावर आलेली असायची आणि माझा आवाज पाण्याच्या वरून निघून जायचा. अभय फोन हातात धरून घरभर फिरायचा आणि म्हणायचा, "सब ओके है, ताई." मग चहा पिऊन जायचा. असं चार वेळा झालं. पहिल्याच खेपेला तो म्हणाला होता, "ताई, नेट जाईल त्या दिवशी कॅलेंडरवर फुली मारा. मला ऑफिसात दाखवता येईल."

अशातच मंजुषा मॅडमचा फोन आला. त्या बाई वाईट नव्हत्या, पण स्पष्ट होत्या. "निशा, तुझं शिकवणं उत्तम आहे. पण पालकांच्या दोन तक्रारी आल्यात. गुरुवारी अकराच्या तासाला मी स्वतः बसणार आहे. त्या दिवशी अडकलं, तर मला तुला थांबवावं लागेल." निशा फोन ठेवून बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

आता मालनबाईंबद्दल सांगतो. मी ज्यांच्यासाठी हे सगळं सांगायला बसलोय त्या याच. शिक्षण चौथी. इंटरनेट म्हणजे काय हे त्यांनी कधी विचारलं नाही. मात्र पाण्याचा दिवस त्या कधी चुकल्या नाहीत. पाणी आलं की कॅलेंडरवर त्या तारखेला निळ्या पेनाने एक थेंब काढायच्या. आता त्याच कॅलेंडरवर निशाच्या लाल फुल्या पडू लागल्या. बुधवारी सकाळी मालनबाई भाजी निवडता निवडता उठल्या आणि कॅलेंडरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. एक पान उलटलं, मागचं पाहिलं, पुन्हा पुढचं पाहिलं.

"निशे, इकडं ये. हे बघ. पाणी आलं की दुसऱ्या दिशी तुही फुली. तिसऱ्या दिशी फुली. चौथ्याला एखादी. मंग नाय. पुन्हा पाणी, पुन्हा फुल्या."

"आई, पाणी नळातून येतं, नेट तारेतून. त्यांचा काय संबंध?"

"संबंध तू शोध, तू शिकलेली हायेस. मला दिसलं ते म्या सांगितलं."

मोतीराम हसले. "पाण्यानं नेट जातं म्हण! आगं, समुद्राखालून तारा टाकल्यात लोकांनी." निशाही हसली, आणि उद्याच्या तासाची तयारी करायला आत गेली. मालनबाई वाद घालत बसल्या नाहीत. भाजी निवडायला लागल्या. मी इकडे फळीवर वेड्यासारखा लुकलुकत होतो. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझं दुखणं ओळखलं होतं, आणि त्या बाईला मी "व्हय, व्हय" एवढंसुद्धा म्हणू शकत नव्हतो.

गुरुवार उजाडला. पाणी शुक्रवारी अपेक्षित होतं. टाकीत तळाला वीतभर पाणी उरलेलं, त्यामुळे माझा आवाज खणखणीत. पावणेअकराला निशाने मागच्या खोलीचं दार लावलं, कानाला हेडफोन चढवला. अकराला तास सुरू झाला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी गल्लीत गलका झाला. "पाणी आलं! पाणी आलं!" एक दिवस आधीच!

मालनबाई पळाल्या. चाळीस वर्षांची सवय. नळीचं एक टोक नळाला, दुसरं टाकीत. धार टाकीत पडायला लागली. आणि मालनबाई थांबल्या. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि मग, मी खोटं सांगत नाही, वळून माझ्याकडे पाहिलं. नळी बाहेर काढली.

"आगं, काय करतीस?" मोतीराम ओरडले.

"हळू बोला. पोरीचा तास चाललाय."

"अन् आठ दिवस प्यायचं काय? तू म्हणतीस ते खरं कशावरून?"

"खोटं असलं तर आपलं पाणी गेलं. खरं असलं अन् टाकी भरली, तर पोरीचं काम गेलं. आता तुमीच सांगा."

मोतीरामांनी स्वतःच मांडणीवरून हंडा उतरवला. पुढच्या खोलीत, माझ्या पायाशी, त्या दोघांनी हंडे भरले, कळशा भरल्या, बादल्या, पातेली, कुकर, दुधाचं भांडं, शेवटी पाहुण्यांचे ग्लाससुद्धा. पंधरा मिनिटांत घरातली भांडी संपली. नळ मात्र जोरात वाहत होता.

शेजारच्या दगडाबाईंशी मालनबाईंचं उन्हाळ्यापासून बोलणं बंद होतं. दगडाबाईंच्या नळाला धार बारीक, त्यामुळे मोटार लावण्यावरून जुंपली होती. मालनबाई नळी ओढत त्यांच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "पाणी पायजे का?"

या शहरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. दगडाबाईंनी संशयाने पाहिलं. "कामून? खराब हाय का?"

"चांगलं हाय. लाव तुह्या टाकीला. मह्या पोरीची परीक्षा हाय, मला आत भरता येईना."

दगडाबाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी नळी घेतली. आणि उरलेलं सगळं पाणी भिंतीपलीकडे गेलं.

मागच्या खोलीत निशा फळ्यावर भाकरी काढून अपूर्णांक शिकवत होती. श्रेया नावाच्या मुलीने विचारलं, "टीचर, भाकरीचे पाच समान तुकडे करता येतात का?" निशा म्हणाली, "आईला विचारावं लागेल." सगळे हसले, मंजुषा मॅडमही. तो हशा मी तिकडून इकडे आणि इकडून तिकडे जसाच्या तसा पोचवला. एक शब्द सांडला नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी त्या पन्नास मिनिटांत केलं, आणि ते मला करू दिलं मालनबाईंनी.

बाराला नळ फुसफुसला आणि कोरडा पडला. थोड्या वेळाने दार उघडलं. निशा नाचतच बाहेर आली.

"आई, झालं! मॅडम म्हणाल्या, पक्कं! एकदासुद्धा अडकलं नाही. आता टाकी भरली तरी बघू काय होतं ते. पाणी उद्याच येणार ना?"

मालनबाई फरशीवर सांडलेलं पुसत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "येऊन गेलं."

निशाला आधी कळलं नाही. मग तिला पुढच्या खोलीतले भरलेले ग्लास दिसले, कुकर दिसला. ती टाकीपाशी गेली आणि बोटाने वाजवून पाहिलं. टाकी पोकळ वाजली. ती तिथेच आईशेजारी ओल्या फरशीवर बसली आणि रडायला लागली. मालनबाई म्हणाल्या, "ऊठ, कपडे भिजतील. धुवायला पाणी नाय."

ते आठ दिवस त्या घराने कसे काढले ते मी पाहिलंय. मालनबाईंनी एकदाही कुरकुर केली नाही. रोज संध्याकाळी दगडाबाई दोन हंडे आणून ओट्यावर ठेवायच्या. पहिले दोन दिवस न बोलता, नंतर बोलत.

पुढच्या पाण्याला निशाने अभयला मुद्दाम बोलावलं. टाकी भरत गेली तशा मागच्या खोलीत त्याच्या फोनवरच्या वायफायच्या रेघा एकेक करून मालवल्या. फोन खिशात टाकून तो म्हणाला, "मावशी, चार चकरा मारल्या मी." आता तो या भागात कुठल्याही घरी गेला की आधी विचारतो, "पाणी कधी आलं होतं?" माझ्यासाठी त्याने लांब तार आणली आहे. उद्या मोतीराम मला मागच्या खोलीच्या दारावर, टाकीच्या पलीकडे बसवणार आहेत. फोटोखालची जागा सुटतेय याचं वाईट वाटतं, पण तक्रार नाही.

आम्हा राउटरांचं आयुष्य तसं थोडंच. माझा एक दिवा आत्ताच मधेच डोळा मारतो. वर्ष-दोन वर्षांत माझ्या जागी दुसरा, चार शिंगांचा कुणी येईल. जाण्याआधी एकच मागणं आहे. तुमच्या घरचं नेट गेलं, तर माझ्या भावंडांच्या पाठीत टाचणी खुपसण्याआधी घरात जिला त्यातलं काही कळत नाही असं तुम्हाला वाटतं, तिला एकदा विचारा. आणि ती काही सांगायला लागली, तर हसू नका. मी एकदा मालनबाईंना "व्हय" म्हणू शकलो नाही, ते अजून माझ्या मनात आहे.