आणखी दोन बोटं वर

काकांना यंदा प्रदर्शनात शेजाऱ्याला हरवायचंच होतं. पाण्यावाचून महिनोन्महिने तग धरणाऱ्या त्यांच्या दुर्मीळ रोपाचा बुंधा भोपळ्यासारखा फुगला होता. फुगवटा मातीवर जितका दिसेल तितके गुण जास्त, म्हणून कुंडी बदलताना काका दरवेळी रोप थोडं वर उचलून लावत. प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी ते आणखी दोन बोटं उचललं.

“अहो, पुरे! आता नुसतं टेकलंय ते,” काकू म्हणाल्या.

परीक्षकांनी कौतुकानं फुगवट्याला हात लावला मात्र, रोप मुळांसकट टेबलावर आडवं झालं.

“मुळंही दिसावीत म्हणून,” काका उसनं अवसान आणून म्हणाले.

“दिसली,” म्हणत परीक्षक शेजाऱ्याच्या टेबलाकडे वळले.

काकूंनी रोपावरची माती झटकली. “चला, कुंडी तरी जागची हलली नाही!”