हट्टाचा कौल

देवळाच्या मागच्या खोलीत आता देव ठेवायला जागा उरली नव्हती. फळ्यांवर देव, फळ्यांखाली देव, जुन्या शिवणयंत्रावर देव. कुणाचं नाक तुटलेलं, कुणाची दाढी उंदरांनी नेलेली. गरज सरो आणि वैद्य मरो, हा न्याय फक्त वैद्यालाच लागू नाही, हे आलुआनला या खोलीनं शिकवलं होतं. धंदा बुडाला, घर विकलं, मुलं तैपेईला गेली आणि धूप लावायला मागे कुणी उरलं नाही, की लोक घरचा देव टॉवेलात गुंडाळायचे आणि किनाऱ्यावरच्या या देवळात आणून सोडायचे. काही महाभाग तर स्कूटर बंदही न करता पायरीवर देव ठेवून पळायचे. या सगळ्यांना रोज चहा दाखवता दाखवता देवळाची राखण करणाऱ्या आलुआनचे गुडघे कामातून गेले होते.

त्या दुपारी शुइमू आला, तो पळाला नाही. खाडीत कालवांची शेती करणारा हा माणूस. मागच्या वादळात त्याचा विशीतला पोरगा, पोहान, तराफ्यावरून वाहून गेला होता. तेव्हापासून त्याची बायको त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. त्याच्या भावानं तर आलुआनला बाजारात गाठून सांगितलं होतं, "मावशी, दादा रोज भरतीच्या वेळी बंधाऱ्याच्या टोकावर जाऊन बसतो. मला लक्षण बरं दिसत नाही."

शुइमूनं टेबलावर टॉवेल सोडला. आत त्याच्या घरचे वांग-ये होते, दर्यावर जाणाऱ्यांचे राखणदार. आज्यापासूनच्या धुपानं तोंड काळंठिक्कर पडलेलं.

"मावशी, याला यातून बाहेर काढा. मग मी जाळतो."

मूर्ती मोडायची तर आधी कौल लावून आतल्या देवाची परवानगी घ्यावी लागते. एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर अशा दोन लाकडी फाका जमिनीवर टाकायच्या. एक सपाट, एक फुगीर पडली की हो. दोन्ही फुगीर वर आल्या की नाही. दोन्ही सपाट वर आल्या तर देव हसतोय, तुझा प्रश्नच धड नाही. लागोपाठ तीनदा हो आलं की देव निघून जातो आणि मागे नुसतं लाकूड उरतं.

"आधी बस. चहा घे," आलुआन म्हणाली.

"मला नको. पाजा त्यालाच. तीन पिढ्या बसून खाल्लंय आमच्या घरात."

"तोंड आवर, शुइमू. ऐकतायत ते."

"ऐकतोय? मग बरंच झालं! मी कौल लावूनच पोराला पाठवलं होतं. वादळ फिरणार हे याला ठाऊक नव्हतं? नव्हतं तर देव कसला? आणि ठाऊक असून पाठवला असेल, तर राक्षस आणखी वेगळा काय असतो? सांगा ना!"

या प्रश्नानं आलुआनचा उंबरा पुष्कळदा झिजवला होता. मध्यंतरी एक विद्वान भिक्खू येऊन गेला. मागच्या जन्माचं कर्म, असं त्यानं छान समजावलं होतं आणि तिनं मानही डोलावली होती. पण लेकरू गेलेल्या आईला ते ऐकवायची वेळ आली, तेव्हा तिची जीभ उचलली नव्हती. तिनं मुकाट्यानं फाका घेतल्या, वांग-येंना विचारलं आणि टाकल्या.

दोन्ही फुगीर. "जात नाही म्हणतायत."

"परत टाका."

दोन्ही सपाट. हसले.

"अहो, असं सरळ विचारू नका," शुइमू म्हणाला. "जाता का म्हटल्यावर कोण हो म्हणेल? चार देवांच्या सोबतीनं राहायला आवडेल का, असं विचारा. त्याला हो म्हणाला की मग हळूच पुढचं."

आलुआनचा हात थांबला. ही युक्ती या किनाऱ्यावर सगळ्यांनाच येते. नाही आलं की प्रश्न थोडा वाकवायचा, पुन्हा नाही आलं की आणखी थोडा. गुडघ्यांचं ऑपरेशन तिनं स्वतः असंच पुढे ढकलून घेतलं होतं.

"शुइमू, त्या दिवशी तू काय विचारलं होतंस?"

"काय विचारणार? पोराला पाठवू का. तीनदा हो आलं, लागोपाठ."

"पहिल्याच खेपेला?"

"छे. पहिल्या खेपेला नाही म्हणाला. मग म्हटलं, दुपारनंतर पाठवू का, तर हसला. मावशी, सगळी कालवं दोरांवर लटकत होती, वर्ष पाण्यात गेलं असतं. म्हटलं, कमरेला दोर बांधून जाईल, निम्मी काढून लगेच फिरेल, मग तर चालेल ना? तेव्हा म्हणाला हो. तीनदा."

तो हे बाजारभाव सांगावेत तसं सांगत होता. सांगून झालं आणि मग बोललेलं त्याचं त्यालाच ऐकू गेलं. तो टेबल धरून खाली बसला.

"नाही म्हणाला होता तो," शुइमू म्हणाला. "मावशी, आधी नाहीच म्हणाला होता."

शुइमूनं फरशीला कपाळ टेकलं.

"विचारा त्याला. चूक कुणाची ते एकदाच विचारा. त्याची नसेल तर मग मीच उरतो ना? मग मी बंधाऱ्यावरून घरी तरी कशाला यायचं?"

आलुआनला फार थकल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत तिनं एकही कौल खोटा सांगितला नव्हता. लग्नं मोडली, भावाभावांत वैरं झाली, पण पडलं ते तिनं सांगितलं. लोक लांबून यायचे ते त्यासाठीच. तिनं वांग-येंकडे पाहून मनात विचारलं, पोरगा गेला, दोष तुमचा का? आणि फाका टाकल्या.

दोन्ही फुगीर वर आल्या. शंकेला जागाच नव्हती.

शुइमूचं कपाळ अजून जमिनीलाच होतं. पाठ हलत होती. सदऱ्यावर घाम वाळून मिठाचे डाग पडले होते.

"हो," आलुआन म्हणाली.

"काय?"

"हो आलंय. डोकं वर करू नकोस, अजून दोनदा टाकायचंय."

दुसऱ्यांदा टाकल्या तेव्हा तिनं खाली पाहिलंच नाही. तिसऱ्यांदाही नाही. दोन्ही वेळा हो म्हणाली आणि पडलेल्या फाका झटकन उचलून मुठीत धरल्या.

"नक्की?"

"नक्की. म्हणतायत, चूक माझी. पोराच्या बापाला सांग, मी कमी पडलो."

शुइमू रडला. खाडीत सापडलेल्या पोराला जाळलं तेव्हाही तो रडला नव्हता, आता मात्र गुरासारखा हंबरून रडला. मग देवाच्याच टॉवेलानं त्यानं तोंड पुसलं आणि निवलेला चहा एका घोटात संपवला.

"जाळायचं राहू दे," तो म्हणाला. "राहू दे इथंच. बिचारा."

"घरी जा. बायकोलाही सांग, देवानं कबूल केलं म्हणून."

"सांगतो," म्हणून तो निघाला. ती दारात उभी राहून बघत राहिली. तो बंधाऱ्याकडे न वळता गावाकडे वळला, तेव्हा ती आत आली.

नकट्या देवाला थोडं सरकवून तिनं वांग-येंना जागा केली, पुढे चहा ठेवला आणि स्टुलावर टेकली.

"तुमच्या नावानं खोटं बोलले," ती म्हणाली. "काय शिक्षा द्यायची ती द्या, फक्त गुडघ्यांत देऊ नका, तिथं आता जागा नाही. पण त्याला हे पेललं नसतं. तुम्ही देव आहात, तुम्ही सोसा."

काळं तोंड तिच्याकडे पाहत राहिलं. तिला एकाएकी राग आला, आणि तो तिनं गिळला नाही.

"आणि अगदीच निर्दोष असल्यासारखे बसू नका! आधी नाही म्हणालात, बरोबर म्हणालात. मग शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहायचं होतं. पोराच्या जिवाचा प्रश्न होता. बाप हट्टाला पेटला म्हणून देवानं कंटाळून हो म्हणायचं असतं का हो?"