एकशे बारा चुली

पगारेबाईंनी द्राक्षाच्या लाकडी पेटीची कुंडली मांडायला घेतली, तेव्हा केंद्रातल्या आम्हा सगळ्यांना ती चेष्टाच वाटली. साल चौऱ्याऐंशी. गंगापूर रोडवरच्या आमच्या अभ्यास केंद्रात कोणी धुराचे नमुने घ्यायचं, कोणी नाल्याचं पाणी बाटलीत भरायचं. बाई म्हणाल्या, कारखान्याच्या दाराशी थांबून भागत नाही. झाड तोडलं तिथून धरायचं. करवत, ट्रक, डिझेल, बाजार, आणि शेवटी ती पेटी जाते कुठं, तिथवर मागं लागायचं.

"म्हणजे बारशापासून बाराव्यापर्यंत," मी म्हणालो.

"बारसं सगळेच सांगतात, भाऊसाहेब. बाराव्याचा पत्ता कोणी देत नाही."

मी गोटीराम आहेर, केंद्राचा हेडक्लार्क. माणसाची रजा किती शिल्लक आहे आणि चहात साखर किती लागते, एवढं कळलं की माणूस कळला, असं माझं मत. चांगुणा पगारे: वय तेहतीस, तीन वर्षांत घेतलेली रजा दीड दिवस, चहा बिनसाखरेचा. नाशिकरोडच्या बुद्धविहारामागच्या कॉलनीतल्या. वडील छापखान्यात कामगार. घरातली पहिली एम.एस्सी. नेमणूक हंगामी. हा अहवाल मान्य झाला तर एकतीस मार्चला कायम, नाही झाला तर एकतीस मार्चलाच घरी. हे त्यांना माहीत होतं, आणि फाइल माझ्याच कपाटात असल्यामुळे मला जरा जास्तच माहीत होतं.

अहवाल मागवला होता द्राक्ष बागायतदारांच्या संघानं. लाकडी पेटी बंद करून पुठ्ठ्याचं खोकं आणायचं, जंगल वाचतं असं सरकारला दाखवायचं आणि अनुदान मिळवायचं, असा संघाचे अध्यक्ष कारभारीअण्णा यांचा बेत. बेत वाईट नव्हता. आमचे संचालक डॉ. खंडेराव भामरे यांनी तर अहवालाआधीच वर्तमानपत्रात निष्कर्ष देऊन टाकला. आता फक्त आकडे यायचे राहिले होते.

आकडे आणायला आधी मी गेलो. पेटीचं लाकूड हरसूलकडच्या डोंगरातलं, आणि हंगामात द्राक्षबागांवर कामाला येणाऱ्या बायाही तिकडच्याच. त्यामुळे हरसूलच्या अलीकडचे चार पाडे घेतले. घरं एकशे बारा. प्रश्न एकच: जुन्या पेटीच्या फळ्या घरात येतात का? मी सफारी घातली होती, हातात तपकिरी बॅग, आणि अंगठे उठवायला शाईचा पॅड. एकशे बारा घरांत एकच उत्तर मिळालं.

"नाय."

इतकं एकसारखं उत्तर आलं की कारकुनाला बरं वाटतं. बेरीज करावी लागत नाही. मी आनंदानं फॉर्म बांधून आणले. बाईंनी ते चाळले आणि विचारलं, "अंगठे कधी घेतले? उत्तराआधी की नंतर?"

"पॅड आधीच उघडून ठेवला होता. शाई वाळते ना."

बाईंनी कपाळाला हात लावला. "भाऊसाहेब, लाकडाबद्दल विचारायला सफारीतला माणूस येतो, समोर शाईचा पॅड ठेवतो. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय सांगितलं असतं?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तिकडं घरात फळी दिसली की जंगलखात्याचा पहिला प्रश्न असतो, लाकूड कुठलं, पावती कुठं आहे. त्यामुळे लाकूड हा शब्द कानावर पडला की तोंडातून 'नाय' निघतं. चुलीत लाकूड जळत असलं तरी निघतं.

पुढच्या आठवड्यात बाई स्वतः गेल्या. एस.टी.नं, हातात काही नाही. मी मागून आठ दिवसांनी तराजू घेऊन पोचलो, तर बाई कुसाबाई नावाच्या म्हातारीच्या ओसरीवर भाकरी खात बसलेल्या. चुलीवर आमच्यासाठी चहा ठेवला होता, आणि चुलीतल्या फळीवर अर्धवट जळलेलं लेबल होतं, द्राक्षाच्या घडाचं.

"ही कितवी?" बाईंनी विचारलं.

"मोजते कोण?" कुसाबाई म्हणाली. "मुंबईवरून रिकामी पेटी येते. मळेवाला परत भरतो. तिसऱ्यांदा आली का तिचा तळ जातो. मग मुकादम म्हणतो, न्या गं बायांनो. आम्ही एस.टी.च्या टपावर टाकतो. चैत-वैशाख तेच जाळतो. डोंगरात जावं लागत नाय."

"मागच्या वेळी या भाऊंना नाय का म्हणालात?"

कुसाबाईनं माझ्याकडं आपादमस्तक बघितलं. "यांना बघून तर मी घरात चूल हाय हेबी सांगितलं नसतं."

मग ती गंभीर झाली. "लिवतीस ना बाई? लिव. पन नाव कुठं जायला नको. फळीला पावती नसती."

"नाही जाणार," बाई म्हणाल्या.

आम्ही घरोघर फळ्या तोलल्या. बाई आकडा सांगत, मी फॉर्म भरी. आणि इथं माझ्या हातून दुसरी चूक झाली. बावीस वर्षांची सवय. वरच्या कोपऱ्यात मी प्रत्येक फॉर्मवर घरधन्याचं नाव आणि पाडा लिहून टाकला. बाईंच्या लक्षात आलं तेव्हा ऐंशी घरं झाली होती. पडताळणीला एखादं घर पुन्हा गाठावं लागेल, म्हणून त्यांनी ते तसंच चालू दिलं. नाव असलं तर घर सापडतं. कोणालाही सापडतं.

हिशेब बसला तो उलटा. पुठ्ठ्याचं खोकं एका खेपेत संपतं. त्यासाठी बांबू, कोळसा, पाणी लागतंच. लाकडी पेटी तीन खेपा करते आणि शेवटी चुलीत जाऊन डोंगरावरची तेवढी तोड वाचवते. त्या शेवटच्या ओळीवर सगळा निकाल फिरला.

बारा मार्चला सकाळी अकरा वाजता बैठक. भामरे साहेब, कारभारीअण्णा, आणि जंगलखात्याचे एक अधिकारी, जे अनुदानाला शिफारस देणार होते. मी कोपऱ्यात, मांडीवर बॅग, बॅगेत एकशे बारा फॉर्म.

बाईंनी बोलायला सुरुवात केली. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर अण्णांनी पानाचा डबा बंद केला.

"थांबा, ताई. म्हणजे लाकडाचीच पेटी बरी?"

"आजच्या आकड्यावरून, हो."

"मग एवढं मोजायचं काय कारण होतं? ते तर आमचा सुतारपण सांगत होता."

भामरे साहेबांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, "एका ओळीवर सगळा निष्कर्ष उलटतो, आणि त्या ओळीला पुरावा काय? पहिल्या पाहणीत तर एकशे बारा घरं नाही म्हणाली आहेत. दोन पाहण्या, दोन उत्तरं. खरी कुठली?"

"दुसरी. फळ्या स्वतः तोलल्या आहेत."

जंगलखात्याचे साहेब मवाळ बोलणारे होते. तसल्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते. ते म्हणाले, "पगारेबाई, काम उत्तम आहे. मला फक्त घरांची यादी द्या. दहा-बारा घरं बघून घेऊ, म्हणजे मलाही शिफारशीत लिहिता येईल."

"यादी घेऊन घरी गेल्यावर फळीची पावती विचारणार नाही, असं लेखी द्याल?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घडी करून खिशात ठेवला. "तसं लेखी मला देता येणार नाही. नियम नियमाच्या जागी आहेत. पण माझा शब्द धरा."

"तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे, सर. तुमची बदली कधी होते?"

अण्णा हसले. साहेबही थोडे हसले.

"आहेर," भामरे साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "फॉर्म आणलेत ना? काढा."

बॅगेचा पट्टा माझ्या हातात होता. माझी पेन्शन अकरा वर्षांवर. दोन मुली लग्नाच्या. हे सगळं त्या पट्ट्याच्या बक्कलाएवढ्या जागेत कसं मावलं कोण जाणे. शूर माणसानं फॉर्म नाहीत म्हणून सांगितलं असतं. मी कारकुनी केली.

"फॉर्म बाईंच्या सहीचे आहेत, साहेब. त्यांनी सांगितलं तर काढतो."

ओझं सरळ त्यांच्या डोक्यावर दिलं मी. त्यांना ते कळलंही. माझ्याकडं एकदा बघून त्या म्हणाल्या, "काढू नका, भाऊसाहेब."

मी बॅगेचं बक्कल पुन्हा लावलं.

"मग ती ओळ जाईल," भामरे साहेब म्हणाले.

"जाऊ द्या."

"ओळ गेली की पुठ्ठा सरस ठरतो."

"ओळ गेली की काहीच ठरत नाही, सर. पेटी बाजारात पोचली इथपर्यंतचाच हिशेब उरतो. अर्ध्या आयुष्यावर कोण बरं आणि कोण वाईट, हे मी लिहिणार नाही. निष्कर्षाचं पान माझ्या सहीशिवाय पाठवा."

"तुमच्या सहीशिवाय ते कोणी घेणार नाही."

"मला माहीत आहे."

अण्णांनी डबा पुन्हा उघडला. "ताई, तुमचं कायमचं होणार होतं ना या महिन्यात?" त्यांनी अगदी आपुलकीनं विचारलं, आणि म्हणूनच ते लागलं. बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. एवढंच.

दुपारी पत्र मीच टाइप केलं. 'हंगामी सेवा एकतीस मार्चनंतर पुढे चालू ठेवण्याचे प्रयोजन नाही.' बाईंनी पोच म्हणून सही केली, तारीख टाकली, वेळही टाकली. मग फॉर्म मागितले. माझी पट्टी आणि ब्लेड घेऊन प्रत्येक फॉर्मचा वरचा कोपरा कापला. एकशे बारा चिटोरे. ते शिपायाच्या स्टोव्हवर एकेक करून जाळले, आणि वजनाचे आकडे असलेले फॉर्म मला परत दिले.

"सरकारी कागद जाळले म्हणून लिहावं लागेल मला," मी म्हणालो.

"लिहा. कोपरे जाळले म्हणून लिहा. आज धरून दिवस किती उरले?"

"वीस."

"फळ्या कोणाच्या घरात जातात ते सांगता येत नाही. पण पेट्या परत येतात हे रस्त्यावर उभं राहून कोणालाही दिसतं. त्याला कोणाचं नाव लागत नाही."

दुसऱ्या दिवसापासून बाई मुंबई रस्त्यावरच्या जकात नाक्यावर. रिकाम्या पेट्यांची जकात नको म्हणून ड्रायव्हर ताडपत्री वर करून दाखवतो. बाईंना तेवढंच हवं होतं. मी दीड दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. ट्रक, पेट्या, तळ साबूत की फुटका, एवढेच तीन रकाने. तीन खेपा तरी यातून सिद्ध होणार होत्या. चुलीची ओळ कोरीच राहणार होती, आणि तिच्याशिवाय बाईंचा निकाल अर्धाच पडणार होता. हे त्यांनाही ठाऊक होतं.

रजेच्या दुसऱ्या दिवशी साडेअकराला भामरे साहेबांची गाडी नाक्यावर थांबली. मला तिथं बघून ते क्षणभर अडखळले, पण बोलले बाईंशी. हातात निष्कर्षाचं पान होतं.

"पगारे, मी भाषा सौम्य केली आहे. 'पुठ्ठा सरस असण्याची शक्यता दिसते.' शक्यता. याच्यावर सही करा, पत्र मी मागं घेतो. मला माणसं घालवायची हौस नाही." आवाज खरा होता. चेहऱ्यावर घाम होता. संघाच्या माणसांना तोंड त्यांनाच द्यायचं होतं.

बाईंनी पान घेतलं, पूर्ण वाचलं. मी पेन पुढं करायचं की नाही याचा विचार करत होतो. सवयीनं टोपण काढलंही होतं. बाईंनी पान परत दिलं.

"शक्यता मोजायलाच बसले आहे, सर. अठरा दिवसांनी जे येईल ते लिहून देईन. तुम्हाला आवडेल तेही येऊ शकतं."

"आणि नाही आलं तर?"

मागून एक ट्रक आला, ड्रायव्हर खाली उतरला आणि ताडपत्रीची दोरी सोडायला लागला.

"जरा बाजूला व्हा, सर. पेट्या दिसत नाहीत."

भामरे साहेबांनी पानाची सुरळी केली. मग बाजूला झाले. बाईंनी आकडा सांगितला आणि उघड्या पेनानं मी तो लिहिला.