हातानं चालणारी गाडी

मी एक गाडी आहे. गोल्फच्या मैदानावर फिरतात त्या जातीची, पण खेळाडूंना मिरवणारी नव्हे. मी कामाची. मागं लोखंडी हौदा, पुढं दोघांना बसायची जागा, डोक्यावर छप्पर, आणि पेट्रोलच्या ऐवजी बॅटरी.

माझा जन्म परदेशातला. मोठ्या डब्यात बंद होऊन मी समुद्रावरून आले आणि खालापूरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका क्लबात दाखल झाले. माझ्या पांढऱ्याशुभ्र बहिणींवर खेळाडू बसायचे. माझ्यावर वाळू, कापलेलं गवत आणि पाण्याचे पाइप. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट गंमत वाटायची. माणसं चालण्याचा व्यायाम करायला मुंबईहून इतक्या लांब येत आणि आल्या आल्या चालायला नको म्हणून गाडीत बसत.

मला चालवायचा दशरथ. वरच्या ठाकूरवाडीतला, क्लबातला माळी. चढावर माझा जीव गेला की तो खाली उतरून सोबत चालायचा. "दमलीस काय? ये हळूहळू," म्हणायचा. गाडीशी बोलणारा मला भेटलेला तो पहिला माणूस.

पुढं क्लबात नव्या गाड्या आल्या. माझ्या बॅटऱ्यांत पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहिना. त्या सुकल्या, फुगल्या, आणि एक दिवस मी जागची हलले नाही. मला ढकलत नेऊन अवजारांच्या शेडमागं उभं केलं. तिथं मला काही पावसाळे काढावे लागले. हौद्यात पाणी साठलं, त्यात बेडकं झाली. उंदरांनी वायरी खाल्ल्या. सीटच्या फाटक्या कापडातून मुंग्यांची ये-जा सुरू झाली. एकदा कुणाची तरी कात स्टिअरिंगला लोंबत होती, आणि वाऱ्यानं हलणारी ती कात हीच माझी सोबत.

असं वाटायला लागलं होतं की आता भंगारवाला येईल, मला कापेल आणि किलोवर घेऊन जाईल. आला तो दशरथ. मॅनेजरला म्हणाला, "सायेब, ही गाडी मला द्याल का? दोस्तासाठी पायजेल." मॅनेजरला जागा मोकळी हवीच होती. "घेऊन जा बाबा," म्हणाला.

टेंपोत दोरखंडानं बांधून मी एका नर्सरीत आले. नर्सरी म्हणजे रोपवाटिका. घर सपाटीवर, आणि घरामागं उतरत गेलेली लाल मातीची जमीन, तिच्यावर रोपांच्या काळ्या पिशव्यांच्या रांगा. पार खाली भाताचं शेत. घराच्या पडवीत चाकाच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. तो मनोज. दशरथ आणि तो एका वर्गात शिकलेले.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडाला, मनोजनं आंब्याची बरीच कलमं बांधून वळणापलीकडं ठेवली होती, आणि आणखी कलमांसाठी जोडायच्या काड्या काढायला तो जुन्या आंब्यावर चढला होता. फांदी मोडली. तो पाठीवर पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. चाकाची खुर्ची घरातल्या लादीवर चालायची, पण मातीत रुतायची. तेव्हापासून त्यानं आपली नर्सरी पडवीतून दिसते तेवढीच बघितली होती. काम सगळं त्याची बायको छाया बघत होती.

मला बघून मनोजचे वडील आबाजी म्हणाले, "ही खेळण्यातली गाडी काय करनार? पयल्याच पावसात रुतून बसंल."

मनोजही खूश नव्हता. "दशरथ, कशाला रं हा भंगार आणलास? लोकं हसतील."

"हसू देत," दशरथ म्हणाला. "तुझ्या पायांचं काम हाताला लावायचं, एवढंच तर हाय."

माझी दुरुस्ती सुरू झाली. आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी दशरथ यायचा, आणि कर्जतहून संतोष. संतोषचं तिथं मोटारी भरायचं दुकान. शेतातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी तो नव्या तारा गुंडाळून परत चालत्या करायचा. त्यानं माझी मोटार खोलली, तिच्यातून मूठभर गंज आणि उंदराचं आख्खं घरटं बाहेर काढलं. मला लाज वाटली, पण त्यानं मला हिणवलं नाही. नुसता हसला आणि पुसत बसला.

जुन्या शिशाच्या बॅटऱ्या गेल्या, ई-रिक्षाची हलकी नवी बॅटरी आली. माझं वजन एकदम उतरलं. गवत दुखावू नये म्हणून दिलेले माझे गुळगुळीत टायर जाऊन चिखलात पकड घेणारे, जाड नक्षीचे टायर आले. खालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या बदलून मला वीतभर उंच केलं. सीट खुर्चीच्या उंचीला आणली, मध्ये एक फळी टाकली की मनोजला खुर्चीतून सरकून माझ्यावर येता यावं अशी. कमरेला बांधायला एका जुन्या मोटारगाडीचा पट्टा लावला.

सगळ्यात मोठं काम होतं दांड्याचं. माझा वेग आणि माझा ब्रेक, दोन्ही पायाखाली. संतोषनं त्यांना लोखंडी सळया जोडून स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा वर आणला. आपल्याकडं ओढला की मी चालायची, पुढं ढकलला की थांबायची. पहिल्यांदा जोडला तेव्हा उतारावर ब्रेक अपुरा पडला, मी घसरत जाऊन शेणखताच्या ढिगात शिरले. हौद्यात मातीची पोती होती म्हणून बरं, माणूस नव्हतं. संतोषनं दांडा पुन्हा कापला, पुन्हा जोडला.

त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सुरुवातीला छाया सगळ्यांत उत्साहात होती. माझा हौदा तिनं स्वतः घासून धुतला होता. पण मी जसजशी चालू व्हायला लागले, तसतशी ती गप्प होत गेली. चहा आणायची, कप ठेवायची आणि माझ्याकडं न बघता आत जायची. मला वाटलं, माझं काही चुकलं का?

मनोज मात्र बदलत होता. रोज संध्याकाळी छाया हातपाय धुऊन पडवीत आली की तो विचारायचा, "पाणी दिलंस? कलमं कशी हायत माझी?" आणि ती म्हणायची, "छान हायत." आता त्यापुढं तो आणखी विचारू लागला. पालवी कुठल्या रंगाची आलीय? उंची किती झाली? ती म्हणायची, "बघालच की आता."

एका सकाळी सगळं तयार झालं. मनोज फळीवरून सरकत माझ्यावर आला. त्याच्या दंडात केवढी ताकद होती! पट्टा बांधला, दांडा ओढला. छाया शेजारी बसली. दशरथ आणि आबाजी मागं पडवीपाशीच उभे राहिले. मी उतारावर निघाले, हळू, एकेक चाक जपून. मनोज पोरासारखा दोन्हीकडं बघत होता. "ही मोगऱ्याची रांग इकडं कधी आणलीस गं? आणि हे शेडनेट नवीन?" छाया हं हं करत होती.

वळण आलं. छायानं एकदम त्याच्या हातावर हात ठेवला आणि दांडा पुढं ढकलला. मी थांबले.

"पुढं नका जाऊ," ती म्हणाली. "आदी ऐकून घ्या. कलमं नायत तिथं."

"नायत म्हंजे?"

"मेली. तवाच, पयल्याच पावसात. आपण हास्पिटलात होतो. पिशव्यांत पाणी साठलं, समदी कुजली. मी घरी आले तवा काय उरलंच नव्हतं."

मनोज तिच्याकडं वळला. "आन् रोज सांगत होतीस ते?"

"तुमी शुद्धीवर आल्या आल्या पयलं तेच इचारलंत. मी म्हनले, छान हायत. मंग कसं बदलू? रोज म्हनायचे, उद्या सांगू."

मनोजनं मला तिथंच वळवलं आणि घरी आणलं.

त्यानंतर काही दिवस मी पडवीशेजारी ताडपत्रीखाली उभी होते. पुन्हा शेडमागचे दिवस आले की काय, या भीतीनं माझ्या वायरी आखडल्या. मनोज खुर्चीत, छाया रोपांत. संध्याकाळी ती यायची, तो विचारायचा नाही. नर्सरीत येणारी गिऱ्हाईकं, फार्महाऊसवाली, "छायाताई आहेत का?" असं विचारत मनोजच्या समोरून पुढं जायची. तोही ते बघायचा.

एक दिवस दुपारी आबाजी सुतळी वळत बसले होते. मनोज म्हणाला, "आबा, तुमाला ठाव होतं?"

"समद्या गावाला ठाव होतं."

"मंग कुनी बोललं कसं नाय?"

आबाजींनी सुतळी खाली ठेवली. "तू ते ऐकून जेवायचास, रं," ते म्हणाले. "ज्या दिवशी ती माहेरी जायची ना, त्या दिवशी तू ताट तसंच ठेवायचास. मी कशाला बोलू?"

मग माझ्यावरची ताडपत्री सरकली. मनोज एकटाच फळीवरून माझ्यावर आला. एकदा हात निसटला, पण त्यानं छपराचा दांडा धरला. आबाजी उठले नाहीत; उठावंसं वाटत असूनही ते बसून राहिले, हे मला दिसत होतं.

आम्ही वळणाच्या पुढं गेलो. जिथं त्याची कलमं असायला हवी होती तिथं सोनचाफा होता. रांगाच्या रांगा, हिरव्यागार, कमरेएवढ्या. छाया पाठमोरी बसून पिशव्या सरळ करत होती. माझा आवाज ऐकून ती उठली, पण वळली नाही.

मनोज रोपं बघत राहिला. मग म्हणाला, "तण किती झालंय गं या पिशव्यांत."

"मंग उतरा आन् काढा," छाया फटकन बोलून गेली.

दोघंही दचकले. तिनं तोंडावर मातीचा हात ठेवला. आणि मनोज हसायला लागला. इतका, की पट्टा ताणून माझी सीट हलायला लागली. छाया हसता हसता रडली, तोंडाला माती तशीच. मग ती एक पिशवी उचलून घेऊन आली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. "घ्या. हितं बसून काढा."

त्यातूनच माझं पुढचं काम निघालं. रोपं मांडीवर किती दिवस घेणार? दशरथनं माझ्या बाजूला एक फळीचं टेबल बसवलं, पाहिजे तेव्हा उघडायचं, नको तेव्हा दुमडायचं. छाया पिशव्या आणून ठेवते, मनोज तण काढतो, छाटतो, पुन्हा हौद्यात रचतो. कलमं बांधायचा हात त्याचाच चांगला. यंदा पावसाळ्यात दशरथनं कलमांच्या काड्यांचं विचारलं तेव्हा छाया आधीच म्हणाली, "त्या झाडावर कुनी चढायचं नाय." दशरथ म्हणाला, "नाय वहिनी. माझ्या घरामागं हाय एक आंबा, जमिनीवर उभा राहून हाताला लागतो." त्या काड्यांची कलमं माझ्या टेबलावर बांधली गेली. सगळी जगली नाहीत. न जगलेली किती, तेही छाया त्याच संध्याकाळी सांगते.

आता माझ्यात मूळचं फार काही उरलेलं नाही. मोटारीतली तार कर्जतची, बॅटरी रिक्षाची, पट्टा मोटारगाडीचा, एक दिवा कुठल्याशा स्कूटरचा. उजव्या बाजूचा ब्रेक ओलाव्यात कुरकुरतो. पण शेडमागून मला उचलणाऱ्या दशरथचे, उंदराचं घरटं काढून न हिणवणाऱ्या संतोषचे, मला घासणाऱ्या छायाचे उपकार मी कसे सांगू? आणि मनोजचे? त्याला मी नेते असं सगळे म्हणतात. खरं तर बसणारं माणूस नसेल तर गाडी म्हणजे नुसतं लोखंड. तुमच्या घरामागं असं कुणी उभं असेल, तर एकदा जाऊन त्याची ताडपत्री उचला. एवढंच माझं मागणं.

हे सगळं मी तुम्हाला सांगतेय ते खालच्या भाताच्या शेताच्या बांधावरून. आज पहिल्यांदाच आबाजी माझ्यावर बसलेत. आजवर "मला पाय हायत" म्हणून टाळायचे. आज मनोज म्हणाला, "आबा, चला, कापणी झालेलं शेत बघून येऊ." आबाजी आले, आणि देवळात शिरावं तशा वहाणा पडवीपाशी काढून मगच माझ्यावर चढले. वाटभर अंग चोरून, दोन्ही हातांनी छपराची दांडी धरून बसले होते.

बांधावर आल्यावर ते उतरायला गेले आणि थांबले. खाली भाताचे टोकदार खुंट.

"वहाणा तिथंच राह्यल्या, रं," ते म्हणाले.

"असू द्या की," मनोज म्हणाला. "मी तरी कुठं उतरतोय?"

आबाजींनी त्याच्याकडं बघितलं. मग दांडीवरचे हात सोडले, मागं सरकले आणि माझ्या सीटला पाठ टेकली. समोर खुंटांमध्ये बगळे हिंडतायत. दोघंही ते बघतायत. उतार आहे, पण मी ब्रेक घट्ट धरून उभी आहे.