नाही म्हणता न आलेला महापौर

आमच्या या डच गावात, उइटहॉर्नच्या ट्रॅम स्टॉपवर, फेब्रुवारीत त्याचं पोस्टर लागलं. कुठल्याशा म्युझियमचं प्रदर्शन होतं. केसाळ कॉलरचा झगा, हातात हातमोजे, गळ्यात जाडजूड सोन्याची साखळी आणि चेहरा मात्र दाढ दुखत असल्यासारखा. खाली लिहिलेलं: ह्यू थॉर्नबी, इंग्रज कापडव्यापारी, पुढे लंडनचा महापौर. पाचशे वर्षांपूर्वीचा माणूस. मी म्हटलं, बाबा रे, एवढी साखळी मिळालीय, जरा हस की!

तेव्हापासून तो माझ्या ट्रॅममध्ये येऊन बसायला लागला.

म्हणजे मला डुलकी लागते हो. सकाळी झुइडओस्टच्या ऑफिसला निघाले की बाहेर धुकं, धुक्यात अर्धवट दिसणाऱ्या गाई, आणि डोकं काचेला टेकलं की संपलंच. मग शेजारच्या सीटवरून ओल्या लोकरीचा वास येतो. तो कुठल्या भाषेत बोलतो ते मला विचारू नका. स्वप्नात सगळं कळतं.

"कुठे निघालात, बाई?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"ऑफिसला," मी म्हटलं. "पण खरं सांगू का, चिपळूणला."

तेच खरं होतं. जूनमध्ये कायमचं परत जायचं आम्ही पक्कं केलं होतं. माझा नवरा सतीश रिटायर झालेला, माझीही नोकरी संपत आलेली. वाशिष्ठीकाठी छोटासा फ्लॅट घेऊन ठेवलाय. त्याच इमारतीत माझी थोरली बहीण, कुमुदिनीताई, एकटी राहते आणि आता थकत चाललीय. आमच्या बाल्कनीत तिने सोनचाफ्याची कुंडी आणून ठेवली. फोनवर म्हणते, "नीलू, येतेस ना गं नक्की? का मी आपली फुलांचे फोटोच पाठवत बसू?"

आणि अशात आमच्या सतीशने दिवे लावले. विमानांच्या आवाजाविरुद्ध सह्या गोळा कर, याची सायकल दुरुस्त कर, त्याच्या कुंड्यांना पाणी घाल, असं करून हा गल्लीचा लाडका झालेला. एका स्थानिक पक्षाने त्याला गेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहाल का म्हणून विचारलं, आणि हा हो म्हणून मोकळा! निवडून आला तर चार वर्षं इथेच.

"अरे, आणि चिपळूण?"

"अगं, घरी येऊन विचारलं त्यांनी. नाही कसं म्हणायचं? आणि यादीत शेवटचा आहे मी. कोण मत देतंय मला!"

भीड! या माणसाच्या भिडेने मला वैताग आणलाय. दारावर कुणीही विक्रेता आला की आमची वीजकंपनी बदलते.

"तुम्हीच सांगा आता," मी थॉर्नबीला म्हटलं. "तुम्ही राजकारणातले."

तो हातमोज्यांशी चाळा करू लागला. खिडकीबाहेर गाई होत्या तिथे मेंढ्या झाल्या होत्या.

"मीसुद्धा याच मुलखात राहिलो," तो म्हणाला. "बर्गेन ऑप झूमच्या जत्रेत इंग्लंडचं कापड विकायचो. गावाकडे सफरचंदाची बाग लावून ठेवली होती. आता जायचं, असं ठरलंही होतं. तेवढ्यात लंडनने मला निवडलं. निवडलेल्याने नाही म्हटलं की आमच्याकडे दंड, नाहीतर तुरुंग. मग एक पद, त्याच्यावर दुसरं, शेवटी महापौर. गावात शाळा बांधून दिली. दारावर माझं नाव आहे. पण तिथल्या एकाही पोराला माझा चेहरा ठाऊक नव्हता."

"आणि तुमच्या बायकोचं काय म्हणणं होतं?"

"ॲलिसचं? तिला कुणी विचारलंच नाही. सफरचंदांचे दिवस आले की ती एवढंच म्हणायची, आता खाली पडत असतील."

स्टेशन आलं आणि मी जागी झाले. कधी न पाहिलेल्या त्या ॲलिससाठी मला भरून आलं होतं.

मतदानाला शाळेच्या जिममध्ये गेले. मतपत्रिका चादरीएवढी, हातात लाल पेन्सिल. सतीशचं नाव अगदी तळाला. गल्लीचं भलं करील हो हा, वाद नाही. पण मला तर विचारतायत ना? मी भलत्याच एका बाईंच्या नावापुढचं वर्तुळ लाल करून टाकलं.

संध्याकाळी पिठलं वाढताना मला राहवेना. "सतीश, मी तुला मत नाही दिलं. मला घरी जायचंय रे."

त्याने घास ताटात ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "मीही नाही दिलं."

"काय?"

"मलाही जायचंय गं. पण त्यांना तोंडावर कसं सांगणार?"

आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवत होतो. सतीशने काठी धरलेली, मी रेशमी खण सोडवत होते. हात मोकळे हवेत म्हणून साखरेची गाठी मी त्याच्याच गळ्यात घातली. तेवढ्यात फोन वाजला. पक्षाच्या अध्यक्षबाई. इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मलाही ऐकू येत होतं. अख्ख्या गल्लीने मत दिलं होतं. यादीतला शेवटचा माणूस निवडून आला होता!

सतीश "या, या" म्हणत राहिला. डचमध्ये 'या' म्हणजे हो. गळ्यात गाठी, आणि चेहरा दाढ दुखत असल्यासारखा.

"सतीश," मी हळूच म्हटलं, "इथे नाही म्हटलं तर तुरुंगात नाही टाकत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोक्यावरून एक विमान गेलं. त्याचा आवाज विरेपर्यंत तो थांबला.

"नाही," तो डचमध्ये म्हणाला. "मनापासून आभार. पण मला जमणार नाही. आम्ही घरी जातोय."

आमच्या उभ्या संसारात त्याने कुणाला नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. फोन ठेवला. मग त्याने गळ्यातल्या गाठीचा एक तुकडा मोडला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "ताईला फोन लाव. झोपली असेल तर उठव."